मंगळवारचा चौक

फेब्रुवारीत अम्मी पंधरा दिवसांसाठी मोहर्लीला आपाकडे राहायला गेली होती. मधल्या शनिवार-रविवारला रजा जोडून मीही तिथं पोचलो. मंगळवारी सकाळी उठून पाहतो तर अम्मी घरात नाही. आपा चुलीपाशी होती. विचारलं तर म्हणाली, "दुकानपर गई."

"कुणासोबत?"

"अकेली."

मी चप्पल न घालताच बाहेर आलो. अम्मी एकाहत्तर वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी. आणि गेल्या चार वर्षांत ती एकटी रस्ता ओलांडून कुठं गेल्याचं मला आठवत नव्हतं. चौकात आलो तर ती समोरून येत होती. कडेकडेनं नाही, अगदी रस्त्याच्या मधून. हातातल्या पिशवीत साखर आणि बिस्किटाचा पुडा. अर्ध्या वाटेत थांबली, काठी डाव्या हातात घेतली, दुपट्टा डोक्यावर नीट केला, पुन्हा काठी उजव्या हातात घेतली आणि चालू लागली. माझा चेहरा बघून म्हणाली, "ऐसा क्या देखता? इधर तो रोड खालीच है रे."

रस्ता खाली होता, कारण मंगळवार होता. मोहर्ली हे ताडोबाचं सगळ्यांत जुनं आणि गजबजलेलं प्रवेशद्वार. चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटरवर, इरई धरणाच्या पाण्याच्या कडेला. मंगळवारी ताडोबाच्या कोअरमधली सफारी बंद असते. त्या दिवशी जिप्सी आपापल्या अंगणात धुवायला उभ्या असतात, गाईड मुली घरची कामं उरकतात, आणि गेटच्या अलीकडची ती मोकळी जागा, जिला गावात सगळे चौक म्हणतात, खरोखर चौक होते. शेळ्या मध्ये बसतात. पोरं सायकलचा टायर फिरवतात. आणि माझी अम्मी साखर आणायला एकटी जाते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जटपुरा गेट घोळायला लागलं.

आमचं घर चंद्रपुरात परकोटाच्या आत, घुटकाळ्याच्या बाजूला. अम्मीची धाकटी बहीण, आमची खाला, जटपुरा गेटच्या बाहेर राहते. चालत गेलं तर पंधरा मिनिटांचा रस्ता. लहानपणी अम्मीचं बोट धरून हा रस्ता मी इतक्या वेळा गेलो आहे की गेटच्या कमानीखालची सावली अजून अंगाला आठवते. उन्हाळ्यात त्या कमानीखाली आलं की एकदम गार वाटायचं. अम्मी तिथं हमखास थांबायची. कुणीतरी ओळखीचं भेटायचंच. गेटवर कोरलेला हत्तीवरचा सिंह मला तिथंच थांबून पाठ झाला.

चंद्रपूरचा हा कोट गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशहानं शहर वसवलं, कोटाचं काम सुरू केलं, पुढच्या राजांनी ते पुरं केलं. चार दरवाजे, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर, आणि पाच खिडक्या. खिडकी म्हणजे माणसांनी पायी ये-जा करायची लहान वाट. आमच्याकडे बगड खिडकी म्हणतात, विठोबा खिडकी म्हणतात, तेव्हा बाहेरच्या पाहुण्याला वाटतं घराच्या खिडकीबद्दल चाललंय. पण बघा ना, पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे सुचलं होतं की हत्ती-घोड्यांची वाट वेगळी आणि डोक्यावर टोपली घेऊन निघालेल्या बाईची वाट वेगळी असावी. आज जटपुरा गेटातून ऑटो, मोटारसायकली, स्कूलव्हॅन, हातगाड्या आणि माणसं एकाच कमानीतून जातात. त्यातलं माणूस सगळ्यांत शेवटी.

चार वर्षांपूर्वी खालाकडे जाताना गेटच्या तोंडाशी एका मोटारसायकलच्या आरशात अम्मीच्या पिशवीचा बंद अडकला. ती हातावर पडली. हाड मोडलं नाही. पोरगा थांबला, माफी मागितली, तिला उठवून बसवलं. त्याचा फार दोष होता असं मी म्हणणार नाही. मागून ऑटो भोंगा वाजवत होता, ऑटोच्या मागे आणखी कुणी. त्याला थांबायला जागा नव्हती, तिला चालायला.

त्यानंतर अम्मीचं शहर लहान होत गेलं. ते असं की आम्हाला कळलंच नाही. आधी खालाकडे जाणं थांबलं. कारण सांगितलं गुडघ्याचं. मग गोल बाजारात भाजीला जाणं थांबलं, कारण सांगितलं की हल्ली भाजी दारावरच चांगली येते. मग नात्यातली लग्नं, "तुम लोग जाके आओ." प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि खरं वाटण्यासारखं. शेवटी तिच्या वाट्याला घर, अंगण आणि डॉक्टरकडे नेणारा ऑटो एवढंच राहिलं. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात. पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहून.

जटपुरा गेटच्या गर्दीवर उपाय काय, हे चंद्रपुरातल्या कुठल्याही पानठेल्यावर विचारा. खर्रा घोटता घोटता माणूस सांगेल, गेटाच्या बाजूची भिंत फोडा आणि रस्ता रुंद करा. ते होणार नाही. कोट हे राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनं अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. बरेच लोक याला अडचण म्हणतात. मला ती सोय वाटते. दरवाजा रुंद होणार नाही हे एकदा मान्य केलं की एकच प्रश्न उरतो, त्यातून काय काय जाऊ द्यायचं? पण तो प्रश्न शहरात कुणी विचारत नाही. जंगलात मात्र विचारतात, हे मला मोहर्लीत बसल्यावर ध्यानात आलं.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, महाराष्ट्रातलं पहिलं. अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. पर्यटक वाढले तसा प्रश्न आला की जंगल किती गाड्या सोसेल? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण गेलं, काही महिने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन बंद राहिलं, आणि मग राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं नियम घालून दिले. गाभ्याच्या वीस टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला वापरायचा नाही. प्रत्येक प्रकल्पानं आपली धारणक्षमता काढायची आणि तेवढ्याच गाड्या आत सोडायच्या. मोहर्लीच्या गेटातून सकाळी किती जिप्सी जाणार आणि दुपारी किती, हे ठरलेलं आहे. आकडा भरला की तुम्ही कुणाचेही कोण असा, बाहेर. आठवड्यात एक दिवस सुट्टी. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. यातलं सगळं काटेकोर पाळलं जातं असा माझा दावा नाही. दूल्हाभाईंना विचाराल तर ते चार किस्से सांगतील. पण हिशेब मांडलेला आहे. रस्त्यावरून चालणाऱ्या एका जिवासाठी, ज्याला गाडी बघून थांबावं लागू नये, बुजून वाट बदलावी लागू नये, सरकारनं कागद-पेन्सिल घेऊन आकडा काढला.

तो जीव वाघ आहे. अम्मीसाठी असा आकडा कुणी काढलेला नाही.

बुधवारी पहाटे मी मुद्दाम उठून चौकात गेलो. अजून अंधार होता. जिप्सींची रांग लागलेली. हॉटेलांतून आलेल्या मोठ्या गाड्या कुठंही उभ्या. त्यांतून उतरलेली कानटोप्या घातलेली माणसं, रडणारी लेकरं, चहाचे कप. मधून वाट काढत खाकी कपड्यातल्या गाईड पोरी गेटाकडे चाललेल्या. ताडोबातल्या या महिला गाईडचं कौतुक बरंच छापून येतं आणि ते योग्यच आहे, पण गेटापर्यंतची शेवटची दोनशे पावलं त्या गाड्यांच्या बंपरांमधून तिरप्या होऊन चालतात, हे कुठं छापून आलेलं पाहिलं नाही. एक शाळकरी पोरगी पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. तिला पलीकडे जायचं होतं. बराच वेळ उभी राहिली. मग मागे वळून गेली.

भाचा नववीत आहे. त्याला म्हटलं, चल, चौक मोजू. मिस्तरीकडून टेप आणला. आपाच्या दुकानासमोर रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माती धरून रुंदी भरली चौदा मीटर. मग मागच्या मंगळवारी दुकानातल्या मोबाईलवर भाच्यानं आजीचं चालतानाचं चित्रण केलं होतं, ते लावून पाहिलं. अम्मीला ते चौदा मीटर पार करायला बत्तीस सेकंद लागले होते, मधली दुपट्ट्याची थांबणूक धरून. सिग्नलची वेळ ठरवताना इंजिनिअर लोक चालणाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबानं अम्मीनं बारा सेकंदांत पलीकडे पोचायला हवं. उरलेले वीस सेकंद ती कुणाच्या हिशेबात नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी २०१२ ची मार्गदर्शिका आहे. त्यात फुटपाथवर चालायला अडथळ्याविना निदान १.८ मीटर जागा सोडायला सांगितली आहे, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील एवढी. आणि फुटपाथची उंची पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या गावोगावी फुटपाथ गुडघ्याएवढे उंच का बांधतात हे मला कधी कळलेलं नाही. गाड्या चढू नयेत म्हणून, असं सांगतात. गाड्या चढतातच. चढत नाहीत त्या अम्मीच्या वयाच्या बायका.

भाच्याला हे सगळं इतकं पटलं की तो क्रिकेटच्या मैदानावरून चुन्याची फक्की घेऊन आला. म्हणाला, "मामू, लाईन मारते." आदल्या रात्री आम्ही दोघांनी (आपाला न सांगता) दुकानाच्या कडेनं पावणेदोन मीटरवर एक रेघ ओढली, समोरच्या बाजूनं तशीच, आणि दुकानापासून पलीकडच्या हातपंपापर्यंत आडवे पट्टे. दुकानातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या रेघेच्या आत ठेवल्या.

यात आमची अक्कल काही नाही. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला तेव्हा बाकं यायची होती, तर तोवर बागेत टाकायच्या स्वस्त घडीच्या खुर्च्या आणून रस्त्यावर मांडल्या. लोक येऊन बसले. पक्कं बांधकाम नंतर झालं. आधी रंग आणि खुर्च्या, मग दगड. जगात जिथं जिथं असे चौक चालणाऱ्यांसाठी सोडवले गेले तिथं बऱ्याचदा सुरुवात अशीच फुटकळ झालेली दिसते. आपल्याकडे उलटं असतं. आधी कारंजं, मग भोवती लोखंडी कुंपण, मग उद्घाटनाची पाटी, आणि त्या सगळ्याला वळसा घालून पुन्हा गाड्याच. त्याला आपण सुशोभीकरण म्हणतो. माणसाला त्यात शिरायला दार नसतं.

गुरुवारी पहाटे पहिला जिप्सीवाला आला, रेघ बघून थांबला. "क्रिकेट खेळाले का बाप्पा इथं?" म्हणून हसला, पण गाडी रेघेच्या बाहेर लावली. दुसऱ्यानं त्याच्यामागे. तासभर रेघ टिकली. मग बाहेरून आलेल्या दोन मोठ्या गाड्या सरळ चुन्यावर चढल्या, एका ड्रायव्हरनं उतरून खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मी काही बोललो नाही. माझा अधिकार काय? नऊच्या सुमारास रेघ पायांनी आणि चाकांनी निम्मी पुसली होती.

दूल्हाभाई मात्र बोलले. त्यांचं दुकान त्याच चौकात आहे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, वाघाचं चित्र असलेल्या टोप्या. ते म्हणाले, "गाडी दुकानके सामने नहीं रुकी तो गिऱ्हाईक उतरेगा कायको?" हा प्रश्न खोटा नाही. वर्षातले तीन पावसाळी महिने धंदा बसलेला, आठवड्यातला मंगळवार रिकामा. जे दिवस आहेत त्यांत त्यांना घर चालवायचं आहे. मी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचं सांगितलं. पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, त्यावर बसायला जागा केली, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. तिथल्या दुकानदारांनाही गिऱ्हाईक जाण्याची भीती असतेच. दूल्हाभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सालमें एक दिन?" मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "इधर तो बावन दिन है. मंगल को मेरा गल्ला देख लेना."

मला उत्तर सुचलं नाही. रिकामा चौक आणि चालणाऱ्यांचा चौक एक नव्हे, हे त्यांनी मला गल्ल्याच्या भाषेत सांगितलं होतं. मंगळवारी चौक अम्मीचा होतो तो कुणी तिला दिला म्हणून नाही, बाकीचे आले नाहीत म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मामूच्या मुलीच्या लग्नाला आम्ही हैदराबादला गेलो होतो. चंद्रपूरच्या मुसलमानाला नागपूर जेवढं जवळ तेवढंच मनानं हैदराबादही जवळ, रेल्वेची एक रात्र. चारमिनार १५९१ चा, मुहम्मद कुली कुतुबशाहनं दोन मोठे रस्ते मिळतात तिथं उभारलेला. म्हणजे तोही एक चौकच. माझ्या लहानपणी त्याच्याभोवती बस, ऑटो, रिक्षा गरगर फिरायच्या आणि धुरानं खांब काळे पडलेले असायचे. पादचारी प्रकल्प तिथं वर्षानुवर्षं रखडत चालला, पण आता चारी बाजूंना दगडी फरशी आहे आणि गाड्या लांबून वळवतात. अम्मी तिथं अर्धा तास बसली. चहावाला, मोत्यांच्या माळा विकणारा, लेकराला फुगा घेऊन देणारी बुरखेवाली, सगळे तिथंच. फेरीवाल्यांनी कुठं बसायचं, किती बसायचं हा वाद तिथला जुनाच आहे आणि मिटलेला नाही. पण गर्दी होती, धंदा होता आणि अम्मी घाबरलेली नव्हती. हे तिन्ही एकाच जागी असू शकतं हे मी बघितलेलं आहे, म्हणून दूल्हाभाईंच्या गल्ल्यापुढं मी पूर्ण हरलो नाही.

रात्री जेवताना हाच विषय चालला होता. अब्बा असते तर त्यांनी हदीस सांगितली असती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. रसूलुल्लाहनी सहाब्यांना रस्त्यांवर बसू नका असं सांगितलं. ते म्हणाले, आम्हाला बसून बोलायला दुसरी जागाच नाही. यावर त्यांना उठवून लावलं गेलं नाही. बसायचंच असेल तर रस्त्याचा हक द्या, असं सांगितलं गेलं. हक कोणता? नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामाला उत्तर देणं, भल्याचं सांगणं, बुऱ्यापासून रोखणं. लहानपणी मी हे शिस्तीचं कलम म्हणून पाठ केलं होतं. आता वाटतं, यात चौकाचा सगळा नकाशा आहे. लोकांना बसायला जागा लागते हे मान्य केलं आहे. आणि बसणाऱ्यावर, थांबणाऱ्यावर, म्हणजे जो जागा अडवतो त्याच्यावर, चालणाऱ्याचं देणं टाकलं आहे.

नजर खाली ठेवणं हे त्यात पहिलं आहे, याकडे आपाने लक्ष वेधलं. ती म्हणाली, तुम्ही दोघं रेघा मारत होता त्या गाड्यांसाठी. पानठेल्यासमोर जे बाकडं आहे त्यावर मोहर्लीतली एक तरी बाई कधी बसलेली बघितली का? मी आठवून पाहिलं. नाही. बायका चौकातून जातात, चौकात असत नाहीत. मोहाच्या, तेंदूच्या दिवसांत पहाटे जंगलात जाणाऱ्या बायका, वाघाच्या भागात चारचौघी मिळून जाणाऱ्या, त्या या चौकात एक मिनिट टेकत नाहीत. उद्या ग्रॅनाइटची फरशी घातली आणि त्यावर फक्त आम्ही पुरुष पाय पसरून बसलो, तर अम्मीसाठी एक अडथळा जाऊन दुसरा येईल. आपाचं हे बोलणं मला टोचलं, कारण शुक्रवारी नमाजनंतर आमचा घोळकाही जटपुऱ्याकडच्या रस्त्यावर असाच उभा असतो. सलाम-दुआ, मग खालच्या आवाजात राजकारण, आणि बाजूनं जाणारी बाई उतरून गटारीवरून जाते.

एक गोष्ट मात्र मी आपाशीही मान्य केली नाही. ती म्हणाली, गेटापर्यंत गाडीच येऊ देऊ नका, जाऊ द्या सगळ्यांना पायी. आमच्या राज्यात माथेरान आहे. तिथं मोटारगाडी दस्तुरी नाक्यावर थांबते, पुढं पायी, घोड्यावर किंवा नेरळहून येणाऱ्या छोट्या रेल्वेनं. ती रेल्वे १९०७ साली आदमजी पीरभॉयांच्या कुटुंबानं स्वतःच्या पैशांनी बांधली, हे आपल्या लोकांना सांगायला मला आवडतं. पण ज्याला चालवत नाही त्याला तिथं वर्षानुवर्षं माणसानं ओढायच्या रिक्षात बसावं लागलं. ई-रिक्षांचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं २०२२ पासून सुरू झाला. म्हणजे चालणाऱ्यांच्या चौकातही अम्मीच्या गुडघ्यासाठी एक ऑटो जवळपर्यंत यायला हवा. जटपुरा गेटवर मला हवं आहे तेही एवढंच. कमानीतून पायी माणसं जावीत, गाड्यांनी दुसऱ्या वाटेनं जावं, आणि दोन्ही बाजूंना गेटापासून थोड्या अंतरावर ऑटो उभे असावेत. मध्ये कमानीखाली, जिथं सावली गार असते, तिथं टेकायला एक ओटा. कोटाच्या आत राहणाऱ्यांना वळसा पडेल, दुकानदार ओरडतील, आणि वळसा कुठून द्यायचा हे ठरवायला माझ्यापेक्षा शहाणी माणसं लागतील. निदान आठवड्यातून एक दिवस करून बघता येईल. मंगळवार चालेल.

मोहर्लीहून आत ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला गोंडांच्या वेळचे दगडी खांब ओळीनं उभे आहेत. त्यांतून दोर ओवून घंटा बांधलेल्या असत आणि राजाची स्वारी येते आहे हे पुढं कळवलं जाई, असं गाईड सांगतात. जिप्सीतून उतरायला परवानगी नाही, म्हणून मी ते खांब कायम बसूनच बघितले आहेत. यावेळी अम्मीला घेऊन गेलो होतो. तिला वाघ दिसला नाही. खांब दिसले. तिनं विचारलं, राजा येतो तेव्हा रस्त्यावरच्या लोकांनी काय करायचं? गाईड मुलगी हसली आणि म्हणाली, "बाजूले व्हायचं, आजी."

मी परत चंद्रपूरला आलो. पुढच्या रविवारी आपाचा फोन आला. अम्मीनं खालाला मोहर्लीला बोलावून घेतलं होतं, आणि दिवस सांगितला होता मंगळवार. खाला एसटीनं गेली. मुलानं स्टँडवर नेऊन बसवून दिलं. पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या दोघी बहिणी तीस किलोमीटरवरच्या जंगलातल्या गावात भेटल्या.

भाच्यानं फोटो पाठवला आहे. दुकानासमोर त्याच दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, रस्त्याच्या बऱ्याच आत सरकवलेल्या. दोघी बसल्या आहेत. अम्मीची काठी जमिनीवर आडवी पडलेली आहे आणि मागे दूल्हाभाई त्यांच्यासाठी चहा घेऊन येताना अर्धे दिसतात.